मला वास येत नाही

साबणबाईंनी आमच्या ह्यांच्या तळहातावर साबणाची एक गुलाबी वडी ठेवली आणि म्हणाल्या, "ओळखा बरं, दादा." ह्यांनी वडी नाकाशी नेली, डोळे मिटले, चांगला लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "गुलाब! झकास जमलाय."

वडी लवंगेची होती. मी चार हात लांब दारात उभी होते, तरी ती लवंग माझ्या नाकात शिरून डोळ्यांतून बाहेर पडत होती. साबणबाई खळखळून हसल्या. त्यांना वाटलं, दादा फिरकी घेताहेत. मीही हसले, पण वरवर. एकतीस वर्षांत ह्या माणसाने वासाच्या बाबतीत कधी थट्टा केलेली नाही. बाकी सगळ्या बाबतीत करतात, अगदी माझ्या आईच्या बाबतीतसुद्धा.

त्याचं कारण आमचा धंदा. आम्ही दोघं नवराबायको मोठ्या जागा गरम करणारे हीटर बसवतो, गॅसवर चालणारे. शाळेचा हॉल, बेकरी, गोदाम, असलं काहीतरी. छताला एक पेटी टांगायची. तिच्यात गॅस जळतो, पंखा गरम हवा खाली ढकलतो आणि धूर नळकांड्यातून भिंतीबाहेर जातो. गॅस आणि पाईप ह्यांच्याकडे, वायरी आणि स्विच माझ्याकडे. धंद्यातली माणसं ह्यांना नाकोबा म्हणतात. एकदा एका गोदामाच्या दारातच थबकले आणि म्हणाले, "डाव्या हाताला, गुडघ्याच्या उंचीवर." तिथेच निघाली गळती, केसाएवढी. नाकोबा म्हटलं की वरवर चिडतात, पण फोनवर कुणी "नाकोबा आहेत का?" असं विचारलं की छाती फुगते. मी बघितलेलं आहे.

आता तुम्हीच सांगा. नाकोबाला लवंग आणि गुलाब यांतला फरक कळेना, आणि दोन तासांत हाच माणूस शिडीवर चढून नव्या पाईपचा वास घेणार. ठीक आहे म्हणणार. मी खाली स्विच दाबणार, वर ठिणगी पडणार. ह्यांचं नाक खरंच गेलं असेल, तर ती ठिणगी मोकळ्या हवेत पडणार की साचलेल्या गॅसमध्ये, हे आम्हा दोघांपैकी कुणालाच सांगता येणार नव्हतं.

तिथल्या तिथे विचारायला हवं होतं, हो. पण परक्या बाईसमोर नवऱ्याला काय विचारू, तुमचं नाक चालतं का? नाकावर राग असलेला माणूस तो, पाना फेकून निघून गेला असता. आणि खरं सांगू? मला उत्तर नको होतं. मनात म्हटलं, सर्दी असेल. म्हटलं, गंमतच केली असेल. म्हटलं, काही असलं तर स्वतःच सांगतील, एवढी वर्षं संसार केलाय.

आणि साबणबाईंचा तो हॉलही असा होता की तिथे भांडण सुचतच नव्हतं. बाहेर सकाळपासून धुकं होतं. छताच्या काचांतून दुधाळ उजेड उतरत होता, कुठल्या बाजूने येतोय ते कळू नये असा. खाली लाकडी मांडण्या, एकीमागे एक, आणि त्यांवर साबणाच्या वड्यांच्या ओळी. पांढऱ्या, फिक्या पिवळ्या, शेवाळी. इतक्या की शेवटची ओळ धुक्यात गेली असं वाटायचं. साबण कापला की दीड महिना तो असाच ठेवतात, साबणबाईंनी मला सांगितलं. हलवायचा नाही, घाई करायची नाही, रोज येऊन फक्त बघायचं. दीड महिन्यात तो आपला आपण मुरतो.

"पण यंदा बघा ना वहिनी, रडताहेत सगळे," त्या म्हणाल्या. खरंच, प्रत्येक वडीवर बारीक बारीक थेंब होते. थंडी आणि ओल यांनी साबणाला घाम सुटला होता. मी एका वडीवर बोट टेकवलं तर बोट ओलं झालं. "आज हॉल तापला नाही तर हा सगळा माल पुन्हा कढईत जाणार. चार महिन्यांचं काम आहे. मी रात्री झोपते कुठे! डोळे मिटले की थेंब दिसतात."

हॉलच्या टोकाला त्यांची मावशी टेबलाशी बसून साबण कापत होती. लाकडी चौकटीत ताणलेली तार, ती खाली यायची, वडी बाजूला व्हायची, पुन्हा तार वर. आवाज नाही, काही नाही. मावशी सत्तरीच्या पुढची असेल. आमच्याकडे बघून एकदा मान हलवली आणि पुन्हा तारेकडे वळली. त्या तारेकडे बघत राहिलं की माणूस कुठल्या कामाला आलाय हे विसरायचा.

हीटर आदल्या दिवशीच टांगून झाला होता. चार सळ्यांवर, लोखंडी तुळईला, भिंतीपासून सांगितलंय तेवढं अंतर सोडून. ह्यांनी पाण्याची लेव्हल लावून तो असा सरळ केला होता की वर बशी ठेवली असती तर चहा सांडला नसता. हाताला काही झालं नव्हतं. मी खालून बघत होते, हात तेच होते. पाईपला आटे पाडताना तेच खांद्याचं वळण, पाना फिरवताना तीच जीभ दातांत. एखाद्याचं काय गेलंय ते बाहेरून कसं दिसणार?

मी माझ्या वायरी जोडल्या. थर्मोस्टॅट मांडण्यांच्या मधल्या खांबावर लावला, हीटरचा झोत थेट लागणार नाही असा. मग भिंतीतली हवेची जाळी बघायला गेले. हीटरला जळायला हवा लागते, म्हणून काल आम्ही दोन जाळ्या बसवल्या होत्या, एक खाली, एक वर. बघते तर खालची जाळी साबणाने भरलेली! ओल्या साबणाचा लगदा करून कुणीतरी एकेक भोक छान लिंपून टाकलं होतं, वर अंगठ्याने गुळगुळीतही केलं होतं.

"हे कुणी केलं?" मी ओरडले.

मावशीने तार हातात धरूनच सांगितलं, "मी केलं. फट राहिली होती, वारा येत होता. तुम्ही विसरला असाल म्हटलं."

"अहो मावशी, ती फट मुद्दाम आहे!"

"थंडीला बोलवायला मुद्दाम फट?" मावशीने साबणबाईंकडे असं बघितलं की कसली माणसं आणलीस गं. साबणबाईंनी कपाळावर हात मारला. मी काडीने एकेक भोक कोरत बसले. अर्धा तास गेला त्यात, आणि नखांत लिंबाचा वास भरला. एरवी मी आकाशपाताळ एक केलं असतं. पण मी बसल्या बसल्या शिडीवरच्या माणसाकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, आता सांगतील, ही ओळ संपली की सांगतील.

मग गेज लावलं. आमचं गेज जुन्या पद्धतीचं आहे, वाकवलेली काचेची नळी, तिच्यात रंगीत पाणी. पाईपमध्ये हवेचा दाब भरला की एका बाजूचं पाणी खाली जातं, दुसऱ्या बाजूचं वर चढतं. हीटरजवळचा कॉक बंद ठेवायचा, दाब भरायचा आणि गप बसायचं. पाणी जागचं हललं नाही तर कॉकपर्यंतचा पाईप घट्ट आहे. बस्स, एवढंच. पण ते बसणं! हलायचं नाही, बोलायचं नाही, दोघांनी दोन बाजूंनी पाण्याच्या रेघेकडे बघायचं. आमचं अर्धं लग्न त्या रेघेकडे बघण्यात गेलंय. बायका नवऱ्याबरोबर डोंगर बघतात, समुद्र बघतात, आम्ही पाण्याची ही दोन बोटं बघतो.

त्या दिवशी रेघ हलली नाही. धुकं काचांवर येऊन टेकलं होतं, तार खाली येत होती, वर जात होती. मला क्षणभर वाटलं की हे असंच चालू राहावं. कॉक उघडायलाच नको, कुणी कुणाला काही विचारायला नको, साबण मुरतोय तसं आपणही बसून राहावं. डोळे जड झाले. ह्यांनी हळूच माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाले, "झाली वेळ. घट्ट आहे."

"पुढचं?" मी म्हटलं.

"पुढचं काय, नेहमीचं."

पुढचं नेहमीचं म्हणजे शेवटचा सांधा. कॉकच्या पुढे पाईप आणि हीटर जिथे जोडतात, तिथे एक युनियन असतो, म्हणजे दोन टोकं एकत्र आवळणारा मोठा नट. गेजच्या वेळी कॉक बंद असतो, त्यामुळे हा युनियन त्या तपासणीत येतच नाही. गॅस सोडायचा, कॉक उघडायचा आणि मग ब्रशने साबणाचं पाणी लावून बघायचं, बुडबुडा येतो का. साबणबाई हौसेने स्वतःच्या साबणाचं पाणी घेऊन आल्या. त्याला फेसच येईना, तेल जास्त. "नखरे खूप, फेस थोडा," हे म्हणाले, आणि मी गाडीतून भांड्यांच्या साबणाची बाटली आणून दिली. साबणबाई खट्टू झाल्या.

पण युनियनची मागची बाजू भिंतीकडे होती, मध्ये चार बोटांची फट. ब्रश पुढून फिरतो, मागे पोचला तरी डोळा पोचत नाही. अशा ठिकाणी हे कायम नाक वापरत आले. फटीत नाक घालायचं, हळूहळू श्वास घ्यायचा. तुम्हाला माहीत आहे का, ह्या गॅसला स्वतःचा वास नसतोच. त्यात मुद्दाम घाण वास मिसळतात, माणसाला कळावं म्हणून, माणसाने पळून जावं म्हणून. किती मायेची गोष्ट आहे ही, मला नेहमी वाटतं. आणि हा नळातून येणारा गॅस हलका, वर वर जाणारा. खाली उभ्या असलेल्या मला त्याचा पत्ता लागणार नाही, त्यात हॉलभर लवंग.

ह्यांनी कॉक उघडला. ब्रश फिरवला, पुढून. मग फटीत नाक घातलं. मी खाली, हात स्विचच्या पेटीवर.

इथे आमची एक रीत आहे. वरून हे बोलतात, खालून मी तेच बोलते, आणि मगच स्विच दाबते. एकाचं ऐकून दुसऱ्याने हात हलवायचा नाही, तोंडाने म्हणायचंच. लग्नाच्या पहिल्या वर्षी ठरवलं होतं. ते म्हणायचे, "वास नाही." मी म्हणायचे, "वास नाही." की चालू.

वरून आवाज आला, "मला वास येत नाही."

मी तोंड उघडलं. सवयीने, बोलायला. आणि शब्द बाहेर पडेना.

मला वास येत नाही. किती साधं वाक्य. गेले काही आठवडे मी तेच ऐकत होते ना? बेकरीत ऐकलं, शाळेत ऐकलं. कधी बदललं ते? पूर्वी म्हणायचे, वास नाही. तिथे, त्या जागी, नाही. आणि आता म्हणताहेत, मला येत नाही. मला! एवढ्याशा शब्दाकडे मी कान दिला नव्हता. मी स्विचवरचा हात काढून घेतला.

"अगं, झोपलीस का?" वरून हाक आली.

"अहो," मी म्हटलं, "नीट सांगा. वास नाही, की तुम्हाला वास येत नाही?"

मावशीची तार मध्येच थांबली. साबणबाई माझ्याकडे बघायला लागल्या.  मी वर बघितलं तर हे शिडीवर बसले होते, ब्रश हातात, साबणाचं पाणी कोपरावरून ओघळतंय, आणि चेहरा असा की मला ते क्षणभर माझे वाटलेच नाहीत, कुणीतरी थकलेला पाहुणा वाटला.

"मी तेच म्हणतोय," ते म्हणाले.

"काय तेच?"

"मला वास येत नाही."

"कॉक बंद करा. आधी कॉक बंद करा आणि खाली उतरा."

त्यांनी कॉक बंद केला. मी जाऊन दोन्ही मोठी दारं सताड उघडली. धुकं आत यायला लागलं, मांडण्यांमधून, जमिनीलगत. साबणबाईंनी मावशीच्या खांद्यावर शाल टाकली आणि दोघी दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तो ताप आला होता ना, तेव्हापासून. दोन महिने झाले."

"दोन महिने! आणि मला सांगितलं नाहीत?"

"येईल म्हटलं परत. रोज सकाळी उठून टूथपेस्ट हुंगतो. आज येईल, उद्या येईल." मग मान वर करून, जरा ताठ्याने म्हणाले, "पण मी खोटं बोललो नाही हं. एकदाही नाही. मला वास येत नाही, एवढंच म्हटलं प्रत्येक वेळी. तूच म्हणायचीस, वास नाही."

असा संताप आला मला! तळपायाची आग मस्तकात म्हणतात ना, तशी. हातातला स्क्रू ड्रायव्हर मी त्यांच्या पायाशी आपटला. "शब्दांत पकडता मला? कोर्टात उभे आहात का? तुम्हाला सोयीचं बोललात, मला सोयीचं मी ऐकलं, आणि वरून ऐट, की खोटं बोललो नाही!" आणि मग मला रडू आलं, कारण मी म्हटलं ते खरंच होतं. सकाळी लवंगेच्या वेळी मला कळलं होतं. कळलेलं असून मी स्विचवर हात ठेवून उभी होते.

"नाकोबाचं नाक गेलं म्हटल्यावर मी कोण?" ते म्हणाले, एवढ्या हळू आवाजात की मला दोनदा विचारावं लागलं.

"माझा नवरा," मी म्हटलं. "शिडी धरा आता. मी चढते."

वर जाऊन मी फटीत नाक घातलं. लवंग, लिंबू, नव्या पत्र्याचं तेल, ह्यांच्या घामाचा वास. गॅस आहे की नाही, देवाशप्पथ सांगता येईना. हे खालून म्हणाले, "नाकाचं राहू दे. आरसा घे. मागे भरपूर पाणी लाव, कॉक अर्धा उघड आणि शंभरपर्यंत मोज." साबणबाईंच्या पर्समधला छोटा गोल आरसा मी फटीत धरला, टॉर्च तोंडात. मोजायला लागले. तीस. चाळीस. आरशात युनियनची मागची कड दिसत होती, ओली, चकाकणारी. साठाच्या पुढे त्या कडेवर काहीतरी उगवलं. एवढासा बुडबुडा. तो हळूहळू मोठा झाला, त्यात काचेतलं आभाळ आलं, मग फुटला. त्याच्या जागी दुसरा आला. इतका शांत, इतका सुंदर, की मी बघतच राहिले. मग भानावर आले आणि कॉक बंद केला.

"आहे," मी म्हटलं.

ह्यांनी एका हाताने पाना वर दिला. शिडी धरलेल्या त्यांच्या बोटांची पेरं पांढरी झाली होती.

युनियन सोडून बघितला. दोन टोकं जिथे टेकतात त्या बसकणीवर लोखंडाचा एक कीस अडकला होता, पापणीच्या केसाएवढा. तो काढला, पुसला, पुन्हा आवळला. सगळं पहिल्यापासून. या वेळी गेज काढायच्या आधी कॉक उघडा ठेवून पुन्हा दाब भरला, म्हणजे युनियनही त्यात आला. पुन्हा पाण्याची रेघ, पुन्हा आरसा. मी तीनशेपर्यंत मोजलं. काही उगवलं नाही. दारं तासभर उघडी होती, हवा स्वच्छ झाली होती.

"वास नाही," मी वरून म्हटलं. "आणि बुडबुडा नाही."

हे स्विचपाशी उभे होते. त्यांनी घसा साफ केला. "वास नाही, बुडबुडा नाही," ते म्हणाले आणि स्विच दाबला.

आधी धुराचा छोटा पंखा फिरला, आतली जुनी हवा झटकून टाकायला. अर्धं मिनिट तेवढीच घरघर. मग टिक टिक टिक, ठिणगी. मग एक मऊ फुंकर, आणि काचेच्या भोकातून निळी ज्योत दिसली, एका रांगेत, सरळ. मी कॉक बंद करून बघितला. ज्योत विझली, यंत्राने दोनदा प्रयत्न केला आणि शहाण्यासारखं गप्प बसलं, हवं होतं तसंच. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मिनिटाने मोठा पंखा सुरू झाला आणि गरम हवा खाली आली. पहिल्या वाफेला नव्या पत्र्याचं तेल जळल्याचा वास असतो. साबणबाई घाबरल्या, तर मी सांगितलं, हा चांगला वास आहे, तासाभरात जाईल.

मग काय झालं सांगू, त्या हॉलला झोप आली. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. दारं लावली, धुकं बाहेर राहिलं, आणि उबेने एकेक मांडणी सैलावली. वड्यांवरचे थेंब लहान होत होते. मावशी खुर्चीत मागे टेकून घोरायला लागली, तार हातात तशीच. साबणबाई ओळींमधून हळूहळू चालत होत्या आणि प्रत्येक वडीला बोट लावून बघत होत्या. आम्ही दोघं रिकाम्या खोक्यांवर बसलो होतो, भिंतीला टेकून. ह्यांनी माझा हात हातात घेतला. माझ्या नखांत अजून मावशीचा लिंबू होता. त्यांनी माझी बोटं नाकाशी नेली, वाट बघितली आणि खाली ठेवली.

"घरात तू कुठल्या खोलीत आहेस ते मला हाक न मारता कळायचं," ते म्हणाले. "आता कळत नाही. घर रिकामंच वाटतं."

 मी डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं. डोळे मिटायला लागले. झोप येताना मला मोजायची सवय आहे, आणि त्या दिवशी मोजायला जे हाताशी होतं तेच मी मोजायला लागले. तापानंतरची पहिली जागा, बेकरी. बेकरीचा युनियन मोकळा होता, सगळीकडून दिसत होता, तिथे ब्रश पुरला असेल. शाळेचा हॉल. तिथेही दिसत होता. गोदाम, दोन. छपाईवाला. लाँड्री. ती व्यायामशाळा. तिचा मालक मेला फार बोलतो. आठवी ती कापडाची गिरणी. आणि नववी, नववी कुठली बरं, गेल्या रविवारी आम्ही काम केलं होतं, कपाटाच्या मागे, हे स्टुलावर चढले होते...

मी ताडकन उठले. मांडणीला कोपर लागलं, दोन वड्या खाली पडल्या.

"लेकीचं घर," मी म्हटलं.

गेल्या रविवारी आम्ही लेकीच्या नव्या घरात शेगडीचा पाईप जोडून दिला होता. सांधा कपाटाच्या मागे. हे म्हणाले होते, मला वास येत नाही. मी म्हटलं होतं, वास नाही. आणि शेगडी पेटवून सगळ्यांचा चहा टाकला होता. तिचं दोन वर्षांचं बाळ माझ्या पायात घोटाळत होतं.

ह्यांनी आधीच फोन काढला होता. "मी करतो," ते म्हणाले. "मीच करायला हवा." बोटं चालेनात, म्हणून नंबर मी लावला आणि आवाज मोठा केला.

"बोला बाबा!"

"बाळा, तुझ्या स्वयंपाकघरात कसला वास येतो का?"

"अय्या, तुम्हाला कसं कळलं?" लेक हसली. "परवापासून येतोय थोडा थोडा, कपाटापाशी. हा म्हणत होता, गॅसच आहे, माणूस बोलवू. मी चांगलं झापलं त्याला. म्हटलं, माझ्या बाबांनी स्वतः नाक लावून बघितलंय तिथे. ते नाही म्हणाले म्हणजे नाही. तुझं नाक मोठं की माझ्या बाबांचं?"

ह्यांनी भिंतीला हात लावला.  पण आवाज आला तो सरळ, एकेक शब्द सुटा.

"त्याचं नाक खरं आहे. माझं गेलंय, बाळा. दोन महिने झाले, मला कसलाच वास कळत नाही, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही. आता ऐक. काही पेटवू नकोस. कुठल्याही बटणाला हात लावू नकोस, दिव्याच्यासुद्धा नाही. पोराला उचल, नवऱ्याला हाक मार आणि सगळे घराबाहेर व्हा. दारं उघडी टाका. बाहेरच्या मीटरचा कॉक त्याला बंद करायला सांग. फोन हातात असाच राहू दे."

ती काही विचारत नव्हती, हे माझ्या लक्षात आलं. आपल्या बाबांचं ती नेहमीसारखंच, न विचारता ऐकत होती. फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, तिने नवऱ्याला मारलेली हाक आली, बाळ झोपेतून उठवल्यासारखं रडायला लागलं. पावलं. जिना. साबणबाई हातात वडी घेऊन आमच्यासमोर थांबल्या होत्या. मी ह्यांच्या सदऱ्याची बाही मुठीत धरली होती. मग फोनमध्ये वारा घोंगावला, मोकळा वारा, आणि लेकीचा धापा टाकणारा आवाज.

"आलो, बाबा. तिघं बाहेर आहोत. बाबा? ऐकताय ना?"

हे फोनकडे बघत नुसतीच मान हलवत राहिले, हो, हो, हो.